खालच्या मजल्यावर

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

चुकीच्या खोलीत बसलो!

अबोलीनं पुण्याहून फोनवर नीट सांगितलं होतं — जरीपटक्यात, शाळेच्या इमारतीत, सकाळी दहाला. दारू सोडणारे खाली बसतात, त्यांच्या घरचे वरच्या मजल्यावर. 'बाबा, तुम्ही वर जा. सुमंतकाका गेल्यापासून तुम्ही कोणाशी बोलत नाही.' आधीही कुठे बोलत होतो.

गुडघा दुखत होता. खालचं दार उघडं होतं. कोणीतरी हातात चहा दिला, मग उठून जाणं बरं दिसलं नसतं. ओळखी सुरू झाल्या. प्रत्येकजण नाव सांगतो आणि 'मी दारुडा' म्हणतो. मी म्हणालो, मुकुंद. सगळे थांबले. थांबूनच राहिले! शेवटी तेही म्हणालो.

गट चालवणारे रामाजी सत्तरीचे असतील. त्यांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? आठवत नाही, म्हणालो. अख्खी खोली समजूतदारपणे हसली.

२२ सप्टेंबर, रविवार

आज ठरवून वर गेलो. दहा मिनिटं बसलो. लपवलेल्या बाटल्या, शेजारी काय म्हणतील, माझ्याच नशिबी का — सगळे माझ्यासारखे बोलतात. ते मला पाठ आहे. खाली उतरलो.

खालचे सुमंतसारखे बोलतात. धाकटा भाऊ, सोळा वर्षं माझ्याच घरी होता. त्याचं बोलणं एकदाही शेवटपर्यंत ऐकलं नाही. आधी उतरू दे, मग बोल, असं मी म्हणायचो. उतरल्यावर तो बोलायचा नाही.

२९ सप्टेंबर

चहा फार गोड असतो. सवय होत आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

आमच्या कोराडीच्या कॉलनीत बातमी पोचली. समोरच्या खरेवहिनींच्या भाच्यानं मला त्या दारातून निघताना पाहिलं. वहिनींनी लगेच अबोलीला फोन केला — भावाच्या दुःखानं लागली असेल हो, नाहीतर माणूस देवासारखा.

सुमंतला असं कारण कोणी दिलं नाही. मीही नाही.

अबोली मला फोनवर हे सांगताना हसली. मग तिनं विचारलं, 'तुम्ही वरच जाता ना?' हो म्हणालो. सुमंतही असाच हो म्हणायचा — आवाज न बदलता. वाटतं तितकं अवघड नाही ते.

२० ऑक्टोबर, रविवार

महिना झाला म्हणून सत्कार! गुलाबाचं फूल, संत्रा बर्फी, टाळ्या. अठ्ठावन्न वर्षं दारूला शिवलो नाही, त्याची टाळी कोणी वाजवली नव्हती.

आज एक नवीन आला. प्रेमानंद, मौद्याचा, कोळशाचा ट्रक चालवतो. चहाच्या वेळी शेजारी येऊन बसला. 'तुमचा नंबर द्या भाऊ. तुम्ही कमी बोलता. मले ज्ञान देणारे घरी सहा जण आहेत.' दिला.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रेमानंदचा रोज संध्याकाळी सातला फोन.

'भाऊ, दारूच्या भट्टीसमोर उभा आहो.'

'मग?'

'काही नाही. तुमच्याशी बोलून राहिलो.'

मी विचारतो, जेवलास का, गाडी कुठे लावली, पोरीचा ताप उतरला का. पंधरा मिनिटांत तो घरी पोचतो, मग ठेवतो. एकवीस दिवस झाले, प्याला नाही. तुम्ही कशी सोडली, असं दोनदा विचारलं त्यानं. नंतर सांगतो म्हणालो.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज प्रेमानंद सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, मुकुंदभाऊनं सोडली तर मी काहून नाही सोडू शकत? मला मान वर करवेना. त्याचा सगळा भार माझ्या खोट्यावर आहे. सांगायला हवं. पण सांगितलं आणि तो पुन्हा प्याला तर?

मी तिथे का जातो, तेही आज लिहून टाकतो. जानेवारीत सुमंतनं आपण होऊन हीच जागा शोधली होती. दाराशी बूट घालून उभा होता. 'दादा, सोबत येतोस? एकट्यानं जायला कसंतरी वाटतं.' मी म्हणालो, मला तिथे कोणी पाहिलं तर? तुझं तू जा.

त्यानं बूट काढले. जुलैत वारला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

फोनवर सांगणं बरं नाही. उद्या सकाळी मौद्याला जाऊन तोंडावर सांगतो. मग त्यानं शिव्या दिल्या तरी चालेल. प्यायला नको फक्त.

२४ नोव्हेंबर, रविवार

साडेसातला त्याच्या दारात पोचलो. रात्रभर झोप नव्हती, दाढी केलेली नव्हती, हात कापत होते. म्हणालो, प्रेमानंद, तुला खरं सांगायला आलो. पुढे शब्द फुटेना. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. आत जाऊन शर्ट चढवून आला आणि माझा दंड धरला.

'काही सांगू नका भाऊ. होते असं. कोणी रागावणार नाही. चला, मी येतो सोबत. एकट्यानं नका जाऊ.'

गेलो. जरीपटक्याच्या बसमध्ये त्यानं खिडकीची जागा मला दिली — उलटी झाली तर असू दे म्हणून.