वाऱ्याला पाठ करून उठलेला चित्रबलाक

रविवार, १८ जानेवारी, नायगाव

तलावाकाठी लपून बसायचं खोपटं मी बारदान शिवून केलं. कॅमेऱ्याची तिपाई जुन्या नळाच्या तुकड्यांची, तीही मीच जोडली. कुणाकडं शिकायला गेलो न्हाई.

आणि आज लातूरच्या त्या डॉक्टरसाहेबांनी, हातभर लेन्स गळ्यात असताना, पाण्यात दगड फेकला! चित्रबलाक चोच उघडी ठेवून निवांत मासे धरत होता. तो आपल्या मनानं उठेल म्हणून मी दोन तास थांबलेलो. दगड पडला, तो घाबरून उठला आणि यांनी फोटो काढला. वर मलाच दाखवतात, "काय मामा, मस्त उडाला का न्हाई?"

मी म्हणलो, "साहेब, एवढा जड पक्षी वाऱ्याकडं तोंड करून उठतो. ह्यानं वाऱ्याला पाठ केलीय. फोटोच सांगून राहिला, तुम्ही पळवलाय म्हणून."

"कुणाला कळतंय?"

मला कळतंय ना! वाऱ्याला पाठ, पाय लोंबकळलेले. डोळ्यापुढून जातच न्हाई. दोन वर्षांत ही पाखरं माझ्या खोपट्याला सरावली. उद्या आलीच न्हाईत तर? मी जास्त बोललो का? न्हाई, कमीच बोललो.

जाताना म्हणतात, दर रविवारी पाहुणे आणतो, आम्ही खूण केली की तुम्ही खोपट्यातून टाळी वाजवून पक्षी उडवायचा. न्हाई म्हणलो. एका टाळीचे दोन हजार देत होते.