आखूड साखळी

काळ्या कड्याची खाडी,
९ सप्टेंबर १९५१

श्री. लाउरी भावोजी यांस,
स. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी धुकं होतं, दुपारी उघडलं. वेइक्कोचा लोकरीचा सदरा धुऊन वाळत घातला. कॉफी सवयीने दोघांची झाली, उरलेली ओतून दिली.

संध्याकाळी सामानाच्या बोटीवरून सल्मेला मावशी आल्या. येताना वेलचीचा पाव आणला होता. मला जवळ घेऊन म्हणाल्या, की एवढा मुरलेला माणूस, पण ओहोटीला साखळी आखूड बांधून बसला, नशीब, दुसरं काय. कोण म्हणतं, असं मी विचारलं. तर दफनानंतरच्या कॉफीला लाउरीनंच सगळ्यांना सांगितलं म्हणे, डोळे पुसत पुसत.

भावोजी, वेइक्को त्या संध्याकाळी वर कड्यावर होता, झाडाला दोर अडकवत. खाली पाण्यावर तरंगणारा ओंडक्यांचा वेढा साखळीने खडकाला बांधलात तो तुम्ही. मी होडीत उभी होते. पाणी चढेल, साखळीला ढील ठेवा, असं मी म्हटलं. तुम्ही हसून म्हणालात, की वहिनी, तुम्ही आपलं कॉफीचं बघा. सकाळच्या भरतीला वेढ्याचा कोपरा पाण्याखाली ओढला गेला, ओंडके एकमेकांवर चढले आणि साखळी तोडायला गेलेला तुमचा भाऊ त्यांच्यामध्ये सापडला.

गावाच्या पुढच्या सभेत उभे राहा आणि खरं काय ते सांगा. दुसरं मागणं नाही.

आपली,
आइली

सोइंतुला,
१३ सप्टेंबर

ती. आइली वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचून रडू कोसळलं. दुःखात माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतं, म्हणून मी मुळीच रागावलो नाही. दादाबद्दल मी जे बोललो, ते ऐकून पुरुषांचेसुद्धा डोळे भरून आले. तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तुमचं ऐकायचं राहून गेलं.

वहिनी, गेलेल्याला नावाचं काय? मला उद्या माणसं घेऊन समुद्रावर जायचं आहे. साखळी मी बांधली असं म्हटलं, तर माझ्या टगबोटीवर पाय कोण ठेवील? दादाही हेच म्हणाला असता.

आता कामाचं. दादाने तोडलेले देवदार कड्याच्या कपारीत पडून आहेत. तिथे रस्ता नाही. तुमच्या ओंडके उचलणाऱ्या यारीच्या तराफ्याशिवाय ते पाण्यात उतरायचे नाहीत, आणि वादळं लागली की सगळं गेलं. रविवारी काल्लिओकाकांना आणि माणसांना घेऊन येतो. तराफा तयार ठेवा, वाफेच्या अंघोळीची सौना तापवा, आणि हो, तुमची ती कडू कॉफीही!

लहान दिराला पदरात घ्यालच.

आपला,
लाउरी

काळ्या कड्याची खाडी,
१७ सप्टेंबर

श्री. लाउरी यांस,
न. वि. वि.

काल तुम्ही इथे होतातच. तरी लिहून ठेवते, कारण तुमच्या सांगण्यात गोष्टी जागा बदलतात.

तुम्ही ओहोटीला आलात आणि टगबोट खडकातल्या कडीला बांधलीत. दोर किती ठेवलात ते मी पाहिलं. सगळी माणसं उतरली, बोटीवर कुणी नाही, हेही पाहिलं. या वेळी काही बोलले नाही. कॉफीचं बघितलं.

भरतीचा अंदाज कसा घ्यावा, हे तुम्ही टेबलाशी बसून सगळ्यांना समजावत होतात. मी दुसऱ्यांदा कॉफी ओतत असताना काल्लिओकाकांनी खिडकीतून पाहिलं आणि कुऱ्हाड घेऊन धावले. बोटीचं नाक पाण्यात गेलं होतं, मागची बाजू वर. त्यांनी दोर तोडला, परत आले, कुऱ्हाड दाराशी ठेवली आणि विचारलं, की काय रे लाउरी, हीसुद्धा वेइक्कोनंच बांधली होती का.

कुणी हसलं नाही. तुम्ही कॉफीत साखर घातलीत. साखर तुम्ही आधीच घातली होती.

तराफा काल्लिओकाकांना दिला आहे. देवदार ते उतरवतील. तुम्ही येऊ नका. सभेत बोलायचीही गरज उरली नाही, ती माणसं आपापल्या घरी सांगतीलच. तुमचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा वजनाचा लागतो.

लोभाबद्दल काही लिहीत नाही. पाणी पार खाली गेलं आहे. आता खाली जाऊन होडी बांधते, दोराला ढील ठेवून.

आइली