हळद्याचं उघडं घरटं

ता. २० एप्रिल

चि. बापूस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. सूनबाई लिहिते की तू दुकानात जातोस, पण गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसतोस. चष्म्याच्या दुकानात मालकानंच डोळे मिटून बसायचं, ही कमालच झाली! भावजय गेली त्याचं दुःख मलाही आहे रे. पण मुलाचं नि सुनेचं तोंड बघून तरी दोन घास नीट खात जा.

मी दवाखान्यातलं कवळ्या करायचं काम सोडलं, तेव्हा मलाही घर खायला उठलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेली बाई, रिकाम्या घरात डोकावून काय करणार? मग हा पाखरांचा नाद लागला. त्यात मला मास्तर भेटले. ते घरोघरी जाऊन वाद्यं सुरात लावून देतात. नजर जवळजवळ गेली आहे, पण कान असे तिखट की पान पडलं तरी कुठल्या बाजूला ते सांगतील. रविवारी सकाळी मी त्यांना त्यांच्या गल्लीतून हात धरून घेऊन येते आणि आम्ही बंद पडलेल्या दगडखाणीवर जातो. ते ऐकतात आणि बोट दाखवतात, मी दुर्बीण लावते आणि जे दिसेल ते त्यांना सांगते. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं म्हण ना.

आता खरी बातमी. यंदा खाणीत हळद्यानं घरटं बांधलंय! दरवर्षी यायचा, गोड शीळ घालायचा आणि आम्हाला वेडावून निघून जायचा. खाणीच्या तळाशी उगवलेल्या एका झाडाचा शेंडा बरोबर काठापर्यंत आलाय. त्यामुळे काठावर पालथं पडलं की बेचक्यात टांगलेलं घरटं अगदी समोर येतं, पण पानांचा असा दाट पडदा आहे की वारा आला तरच दिसतं. बाकी वेळ श्वास रोखून वाट बघायची.

तू ये. चार दिवस राहा. अट एकच. घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही आणि पानाला बोट लावायचं नाही. पाखरं बघणाऱ्यांचा कायदा म्हणशील तर एवढाच. येताना तोंड लांब करून येऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. ७ मे

ती. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्याकडून आल्यापासून सूनबाई मला संशयानं बघते, कारण मी आपणहून ताट मागतो. काल एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवून त्याला खिडकीतून समोरच्या तारेवरचा पक्षी ओळखायला लावला. तो बिचारा अक्षरं वाचायला आला होता!

खरं सांगतो ताई, ती पिवळी झळक पानांत शिरली तेव्हा मला वाटलं, आपण अजून मेलेलो नाही. घरट्याबाहेर मादीची नुसती शेपटी दिसत होती, आणि तू मास्तरांना असं वर्णन करून सांगत होतीस जणू महाराणीची स्वारी निघाली आहे. मास्तरही भले. माणूस बोलका आहे.

माळ्यावरून जुना कॅमेरा काढून पुसला. तिथे काढलेले फोटो धुऊन आणले, पण सगळीकडे पानंच पानं. तेवढी पानं आड नसती तर काय फोटो झाला असता! असो. डोळ्यांनी पाहिलं तेच पुष्कळ. पिल्लं साधारण कधी बाहेर पडतील? आणि घरट्यावर ऊन सकाळी केव्हा येतं? सहज विचारतोय.

जागा कोणाला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. तुझ्या गळ्याची शपथ. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बापू


ता. २६ मे

चि. बापूस,
आशीर्वाद.

बापू, घात झाला रे. 

आज खाणीवर पोचायच्या आधीच मास्तर थांबले. म्हणाले, शीळ नाही, नुसते कावळे आहेत. मी काठावर जाऊन पाहिलं तर पानांचा पडदाच नाही. दोन फांद्या कापून खाली टाकलेल्या. तिसरी एका निळ्या दोरीनं मागे ओढून बांधलेली. घरटं भर उन्हात उघडं, आणि रिकामं. एक पिल्लू खाली दगडावर पडलं होतं, त्याला मुंग्या लागल्या होत्या. बाकीची कावळ्यांनी नेली असणार. नर समोरच्या झाडावर बसून घसा फाटेपर्यंत ओरडत होता. काठावरच्या मातीत कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या तीन पायांची भोकं होती. कोणा मेल्यानं फोटोसाठी हे केलं.

जागा आपल्या तिघांनाच ठाऊक. तू तिकडे लांब. मग राहिलं कोण? मास्तर गेल्याच आठवड्यात फोटो स्टुडिओवाल्याच्या मुलीचं व्हायोलिन लावायला गेले होते, आणि तिथे पाखरांच्या गप्पा मारल्या हे त्यांनीच हौसेनं मला सांगितलं होतं. माझं डोकं फिरलं. सगळा रस्ता मी त्यांना बोलत आले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तर मी ओरडले. माणसं दारात आली, वरच्या खिडक्या उघडल्या. ते एवढंच म्हणाले की मी शीळ कशी असते ते सांगितलं, जागा नाही सांगितली. त्यावर मी सगळ्यांदेखत म्हटलं की आंधळ्याला घरट्याची काय किंमत. आणि हात सोडून चालती झाले. वळून बघितलं तेव्हा ते भिंत चाचपत घराकडे जात होते.

 तुला माणसं कळतात. तूच सांग, मी चुकले का? लगेच लिही.

तुझी,
ताई


ता. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. पाखरंच ती, पुढच्या वर्षी पुन्हा बांधतील. निसर्गात असं व्हायचंच.

तू चुकलीस असं मला वाटत नाही. मास्तर मुद्दाम सांगणार नाहीत, पण बोलण्याच्या ओघात माणसाच्या तोंडून निघून जातं. मला तेव्हाच त्यांची जीभ जरा सैल वाटली होती. आता झालं ते झालं. खोदत बसण्यात अर्थ नाही. काही दिवस त्यांच्याकडे न गेलेलंच बरं. तुला एकटीला करमणार नाही हे मला कळतं, म्हणून तुझ्यासाठी नवी दुर्बीण बघून ठेवली आहे. काचा एकदम उत्तम आहेत.

दुकानात गर्दी आहे, म्हणून आटोपतं घेतो. तब्येतीला जप.

तुझा,
बापू


ता. २८ जून

ती. आत्याबाईंच्या सेवेशी,
सूनबाईचा शि. सा. न.

आत्याबाई, बाबांनी तुम्हाला कळवू नको म्हणून बजावलंय, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्ही जाणताच. बाबांच्या फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं! तुमच्याच हळद्याचा फोटो आहे. एक प्रत सोबत पाठवते. बाबा म्हणतात, ताईला नंतर कधीतरी मीच दाखवीन. ते लाजतात, दुसरं काय! दुकानात मोठी प्रत लावली आहे. चष्मा न लागणारी माणसंही आत येऊन बघून जातात.

तुमच्यामुळे माणूस उठून बसला, आत्याबाई. मे महिन्यात अंधार असताना उठायचे, पहिली बस धरायचे आणि रात्री परत यायचे. तुमच्याकडे जेवत असतील म्हणून मी डबासुद्धा दिला नाही. माझी कपडे वाळत घालायची निळी दोरी आणि कुंडीतल्या झाडांची कात्री पळवली. कात्री परत आली, दोरी गायब! मी रागावले तर म्हणाले, बक्षीस मिळालं की नवी आणतो. बक्षीस मिळालं, दोरी अजून यायची आहे. तुम्हीच त्यांचा कान धरा.

माझं नाव मात्र सांगू नका. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
सूनबाई


ता. ५ जुलै

बापू,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

फोटो मिळाला. कोणी पाठवला ते तुला कळेल, पण त्या पोरीला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे. फोटो देखणा आहे, तेही सांगते. नर, मादी, वासलेल्या चोची, सगळं लखलखीत. कुठेही पानाची सावली नाही. मी रविवारमागून रविवार त्या काठावर पालथी पडले आहे. मला एकदाही घरटं असं दिसलं नाही, कारण ते असं दिसायचंच नसतं. वर कडक ऊन, आजूबाजूला कावळे. पानं काही झाडाची हौस म्हणून नव्हती रे.

माझ्या गळ्याची शपथ घेतलीस. माझ्या गावात येऊन गेलास आणि बहिणीचं दार वाजवलं नाहीस. तेही मी गिळलं असतं. म्हटलं असतं, दुःखातून उठलेला माणूस, भान सुटलं. पण मी तुला विचारलं होतं, बापू, मी चुकले का म्हणून. मास्तर भिंत चाचपत गेले हे तुला लिहिलं होतं. आणि तू थंडपणे लिहिलंस की त्यांची जीभ सैल आहे! वर मला दुर्बीण देतोस! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी जन्मभर दाखवायचे दात बनवले, पण माझ्या पाठच्या भावाचे ओळखू शकले नाही.

काल मास्तरांकडे गेले. दारातच सांगितलं की चूक माझी, माफ करा.  ते म्हणाले की बोललात तेव्हा सगळी गल्ली होती, माफी मात्र दाराआड मागताय. लोक आता वाद्यं लावायला घरात घेताना त्यांना विचारतात की बाहेर काय काय सांगता. दोन घरांनी येऊ नका म्हटलं. एवढं बोलून त्यांनी दार लावलं. ते चिडले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

ताई


ता. १० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. कापणार नव्हतो, बांधणारच होतो. मग ऊन सरकायला लागलं आणि हातून होऊन गेलं. परत जाऊन दोरी सोडावी असं मनात होतं, पण बसची वेळ झाली. घात झाल्याचं तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडलो. खरं सांगितलं तर तू पुन्हा बोलावणार नाहीस, ही भीती वाटली. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

मास्तरांना हवं तर मी स्वतः येऊन एकट्यात भेटेन, पाय धरीन. पण ताई, चारचौघांत माझं नाव घेऊ नकोस. बक्षीस आहे, दुकान आहे, मुलाच्या सासरचे लोक आहेत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरातलं घरात राहू दे.

पदरात घे.

तुझा,
बापू


ता. १४ जुलै

श्री. मास्तर यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी शेजारच्या वहिनींच्या हाती देते आहे, त्या तुम्हाला वाचून दाखवतील. म्हणून आधी वहिनींना विनंती: रस्त्याकडची खिडकी उघडा आणि मोठ्यानं वाचा. मी ओरडले होते तितक्या मोठ्यानं. संध्याकाळी माणसं कामावरून आली की वाचलंत तर फार बरं.

मास्तर, मी तुम्हाला चहाडखोर ठरवलं, ते खोटं होतं. घरट्यावरची पानं माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं कापली. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्या फोटोला बक्षीस मिळालंय, फोटो दुकानातच लावला आहे. त्याचं नाव घेऊ नये असं त्यानं मला लिहिलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतो. मी आयुष्य दात करण्यात घालवलं. चुकीचा बसलेला दात ओठ सोलवटायला लागला तर तो घासावाच लागतो, मग दुखो. भावासाठी जीव तुटतो, तरी लिहिते.

आणि आणखी एक. ते काल रात्री लक्षात आलं आणि तेव्हापासून अंथरुणाला पाठ लागली नाही. जागा कोणी सांगितली, कोणी सांगितली म्हणून मी गल्लीत बोंब मारली. तुम्ही सांगितली नव्हती. भावानंही कोणाला सांगितली नाही, त्याला सांगावी लागलीच नाही. जागा सांगितली मी. घरटं आपल्या दोघांचं होतं, आणि मी तुम्हाला एका शब्दानं न विचारता पत्रात सगळं लिहून टाकलं. तो माझा भाऊ, म्हणून. तो आला तेव्हा तुम्ही मात्र त्याला काठावर पालथं पडायला जागा करून देऊन बाजूला सरकून उभे राहिलात.

ज्यांनी तुम्हाला येऊ नका म्हटलं, त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन हेच सांगणार आहे. मास्तर, तुम्ही मला क्षमा करावी असं मी म्हणत नाही. लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे, पण ते लिहायचं माझं तोंड नाही. गल्लीतल्या कोणाला मला काही बोलायचं असलं तर बोलू द्या, वहिनी. वाचून होईपर्यंत मी खाली रस्त्यातच उभी आहे.

आपली,
कवळीवाली बाई