टोबिनच्या नावाचा अर्ज

२६ फेब्रुवारी
आमच्या टोबिनने आज तिसरी रायफल आणली. वय एकोणीस, इथल्या कायद्याने चालतं, रीतसर पावती. दारावरून जाताना कानावर पडलं, फोनवर कुणाला तरी सांगत होता — "त्या शाळेला माझं नाव कायमचं लक्षात राहील." त्याला जिथून काढून टाकलं, ती शाळा. तिथेच मी रोज दुपारी दोनशे पोरांना जेवण वाढते.

२७ फेब्रुवारी
पोलीसप्रमुखांकडे गेले. हेन्ड्रिक्स लहानपणापासून ओळखतात मला.
"डार्ला, त्याने गुन्हा केलेला नाही. बंदुका त्याच्या. मी काय करू?"
"म्हणजे होईपर्यंत थांबायचं?"
खाली बघत म्हणाले, "कायदाच तसा आहे."
लाइलला सांगितलं. नवरा माझा — "पोटच्या पोराची चुगली करून आलीस?" एवढंच.

५ मार्च
टोबिन आज हसून बोलला. चार अंडी खाल्ली. वाटलं, माझंच डोकं फिरलंय.

११ मार्च
राज्याच्या राजधानीत विधेयक आलंय. घरच्या माणसाने अर्ज केला तर न्यायाधीश बंदुका काही महिने काढून घेऊ शकतील. गुन्ह्याआधीच! दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाले, दोन तास गाडी हाकली. विधेयकाच्या समितीपुढे बोलायला तीन मिनिटं मिळाली. "एक मुलगा आहे," म्हणाले. आमदारबाईंनी विचारलं, "ओळखीतला?"
"माझा."
रात्रीच्या बातम्यांत माझा चेहरा झाकला होता. लाइलने आवाज ओळखला. टोबिन यायच्या आत टीव्ही बंद केला.

२ एप्रिल
मंजूर! तीन मतांच्या फरकाने. रडले. मग पुढची ओळ वाचली — एक जुलैपासून लागू.
नव्वद दिवस.

१९ मे
शाळेत बंदूकवाला घुसला तर काय करायचं, त्याचा सराव. दिवे बंद, पोरं ओट्याखाली. छोट्या रूथीने माझा ॲप्रन घट्ट धरला. "खरंच कुणी आलं तर तुम्ही दार लावाल ना?"
लावीन म्हटलं. कोणाच्या तोंडावर, ते मलाच ठाऊक.

१ जुलै
कोर्टात कारकूनबाईने संगणकात टोबिनचं नाव टाकून पाहिलं. "ह्याच्यावर अर्ज आलाय. दहा मिनिटांपूर्वी."
मागे बाकावर लाइल बसला होता. "तुझ्या एकटीच्या माथी नको," म्हणाला.
दुपारी न्यायाधीशांच्या हुकमावरून हेन्ड्रिक्स बंदुका घेऊन गेले. टोबिन आमच्याशी बोलत नाही. त्याच्या खोलीत आहे. जिवंत आहे.