रखमाबाईंच्या झाकणबंद डब्यांची वाटणी

मी रखमाबाई, राहणार कल्याण, स्टेशनाजवळ. यजमानांचे नाव मी घेत नाही, ते लिहिणाऱ्याने आपल्या मनाने लिहावे (अंताजी पोंक्षे). शरीर थकले आहे, हात कापतात, पण डोके ठिकाणावर आहे आणि जीभ कशी आहे ते साऱ्या आळीला ठाऊक आहे. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर आपखुशीने माझ्या मिळकतीची व्यवस्था सांगून ठेवते. शेजारचे भाऊमास्तर लिहीत आहेत. त्यांनी मी सांगेन ते सगळे लिहावे आणि मधेमधे हसू नये.

कलम १. राहते घर मी स्वतःच्या कमाईतून घेतले, ते माझी सून उत्तरा हिला द्यावे. तिचा नवरा, म्हणजे माझा एकुलता मुलगा, पटकीत गेला. माझा पुतण्या गुरुदत्तशास्त्री म्हणेल की, बाईमाणसाला घर कशाला? उत्तरेने आमच्याकडे यावे, स्वयंपाक करावा, आणि त्याआधी केस उतरवावेत. एकदा तर तो न्हावी घेऊनच दारात आला होता. मी न्हाव्याला विचारले, "गुरुदत्तची शेंडी वाढली आहे का रे?" न्हावी शहाणा, तो आल्या पावली गेला. उत्तरेचे केस तिचे आहेत. माझे उतरवले तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. मी फार रडले होते, आणि म्हातारपणी त्याचे वाईट वाटेनासे होईल असे वाटले होते, तसे काही झाले नाही.

कलम २. धंदा आणि त्याचे सामान. हेही उत्तरेलाच. यात पाटा-वरवंटा, जाते, चिनी मातीच्या बरण्या आणि सांडगे वाळवायची खाट आली. आगगाडी सुरू झाली तेव्हा पुण्या-नाशकाला जाणारी सोवळी मंडळी कल्याणला उपाशी बसून राहत. परक्याच्या हातचे पाण्यात शिजलेले अन्न चालत नाही, आणि पोट काही ऐकत नाही. मी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या. पाण्याचा थेंब नाही, म्हणून प्रवासाला चालतात. त्यातून करणारी केस उतरवलेली विधवा, म्हणजे सोवळ्यात सगळ्यांच्या वर. ज्या डोक्याकडे बघून बायका सकाळी तोंड फिरवत, त्याच डोक्याकडे बघून त्यांचे नवरे दशम्या विकत घेत. मग दशमीबरोबर लोणचे आले, मेतकूट आले.

गुरुदत्तला याची लाज वाटली. "काकू, पोंक्ष्यांच्या घरात अन्नविक्रय?" मी म्हटले, "विक्रय नको तर नको. मग तू दर एकादशीला फराळाला येतोस, ते तरी थांबव." ते काही थांबले नाही.

कलम ३. पत्र्याचे डबे, भरलेले आणि रिकामे. हेही उत्तरेला. डब्यांचे मूळ गुरुदत्तपाशीच आहे, ते त्याच्या पदरात घालते. मुंबईहून त्याने विलायती बिस्किटांचा डबा आणला आणि दार लावून खात बसला. खिडकी लावायची राहिली. मी बाहेरून विचारले, "पीठ कोणी मळलं रे?" दचकला, पण शास्त्री खराच, लगेच म्हणाला, "यंत्राने, काकू! कथलाचा डाख देऊन बंद केलेल्या डब्यात विटाळ शिरत नाही." तोंडात बिस्किट होते, तरी निर्णय स्पष्ट दिला.

मी कोपरीच्या नाथाला बोलावले. तो कंदील करतो. लोणचे पत्र्याला लागले की काळे पडते, म्हणून ते बरणीतच राहिले. मेतकूट आणि सांडगे मात्र डब्यात भरून त्याने झाकणाला डाख दिला. पहिल्या खेपेला सांडगे नीट वाळले नव्हते. डबे फुगले आणि एक नाथाच्या पडवीत फुटला. पुढच्या खेपा चांगल्या टिकल्या. पावसाळ्यातसुद्धा मेतकूट कालच दळल्यासारखे निघे.

कलम ४. किरकोळ. नाथाला माझी दुभती म्हैस द्यावी, त्याची पडवी बिघडवली होती. शेजारच्या वासंतीवहिनींना मेतकुटाची कृती द्यावी, त्या गेली कित्येक वर्षे भिंतीला कान लावून आहेत. कृती देताना हिंगाचे प्रमाण सांगू नये. गुरुदत्तला माझे पळी-पंचपात्र आणि विलायती बिस्किटांचा तो रिकामा डबा द्यावा. माझे दिवस तोच करील, आणि मनापासून करील. तो वाईट नाही, त्याला फक्त कोणी नाही म्हटलेले नाही.

कलम ५. हा कागद भाऊमास्तरांनी आपल्यापाशी ठेवावा आणि माझ्या तेराव्याच्या पंगती उठल्यावर, सगळे सुपारी चघळत बसले असताना, मोठ्याने वाचावा. आधी नाही.

तेव्हा मंडळी, तुमचे जेवण झालेले आहे. पानातले लोणचे, मेतकूट आणि तळलेले सांडगे हे सगळे उत्तरेच्या हातचे होते. माझे हात कापू लागल्यापासून मी नुसती पाटावर बसून हुकूम सोडत होते. पुण्या-नाशकाला गेलेले डबे तिचेच, आणि गुरुदत्त, तुझ्या घरी जाणारी बरणीही तिचीच.

केस राखलेली विधवा म्हणून तिच्या हाताला विटाळ आहे असे म्हणायचे असेल, तर तू आणि पंगतीतले सगळे भटजी बाटलात. उठा, प्रायश्चित्त घ्या आणि गावभर त्याचे कारण सांगत फिरा. तसे म्हणायचे नसेल, तर घर तिचे, धंदा तिचा आणि केसही तिचे. मग आत जा आणि सांडगे कसे झाले होते ते तिला सांग. आजवर तिला कोणी सांगितलेले नाही.

मुक्काम कल्याण, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०९, सर्वजितनाम संवत्सर.

बायकांनी कागदावर कांकणाची निशाणी करायची रीत आहे. मला कांकण नाही, म्हणून डब्याच्या झाकणाचे चित्र काढले आहे. गोल ते गोल.

निशाणी: रखमाबाई

साक्षीदार: भाऊमास्तर, दस्तुरखुद्द
साक्षीदार: नाथा, राहणार कोपरी, निशाणी कातर

खालची जागा गुरुदत्तसाठी सोडली आहे. मजकूर मीच घातला आहे, त्याने फक्त सही करावी:
"जेवलो. ऐकले. हरकत नाही."