परदेशी मुलीच्या नावे

मी, श्रीमती सत्यशीला रामहरी गुंजाळ, वय ६८, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाचा धाक नाही. भीड घालणारे होते, त्यांचे मी ऐकलेले नाही.

१. मला वारस एकच, मुलगी दिशा. आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. नोकरीच्या व्हिसावर गेली, वृद्धांची सेवा करत राहिली आणि काही वर्षांनी तिथली नागरिक झाली. त्या दिवशी तिचा फोन आला, "आई, शपथ घेतली गं. हसू का रडू कळेना." माझे यजमान शेजारीच जेवत होते. म्हणाले, "म्हंजी आता तिला घरी यायला परवानगी काढावी लागन?" मी हो म्हणाले. यांनी ताट सरकवले.

२. त्याच पंधरवड्यात हे गेले. दिशाचा भारतीय पासपोर्ट शपथेबरोबर बाद झालेला, नवा अजून हाती आला नव्हता. व्हिसा देणाऱ्या भारतीय वकिलातीला शनिवार-रविवारची सुट्टी. ती बंद दाराशी बसून राहिली. वडिलांना तिने मोबाईलवर पाहिले. मोबाईल पुतण्या अंगदने धरला होता. ती सारखी म्हणत होती, "अंगद, बाबांच्या तोंडाकडं धर ना रे."

३. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर माझे दीर भिमाजी, अंगदचे वडील, सर्वांदेखत म्हणाले, "पोरगी आता परकी झाली, वहिनी. जमीन अंगदच्या नावावर करून टाका." त्याचे उत्तर आज देते. परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते, असे वकिलांनी मला समजावून सांगितले आहे. म्हणून माझ्या नावावरचा दीड एकर मळा दिशाला देत आहे. अंगदने तो हवी तितकी वर्षे कसावा, पीक त्याचे. भिमाजींनी हरकत घेऊ नये. त्यांचा 'परकी' हा शब्द मला अजून टोचतो. तरी माझ्या तेराव्याला त्यांना मानाने जेवू घालावे.

४. यांचे दुधाचे कॅन व कडबाकुट्टीचे यंत्र अंगदला. शिलाई मशीन त्याच्या बायकोला. ती माझ्याकडूनच शिकली आहे.

५. माझ्या अंत्यविधीसाठी दिशाची वाट पाहू नये. अग्नी अंगदने द्यावा. तिने सवडीने यावे. आल्यावर तिला "उशीर केलास" असे कोणीही म्हणू नये, ही माझी सर्वांना ताकीद आहे.

६. राहते घर दिशाला. ती म्हणते, "आई, म्हातारपणी मी येईन, घर तसंच ठेव." तिची मुलगी तिथल्या शाळेत जाते, तिथल्या भाषेत भांडते. दिशा, तू येणार नाहीस. मला ते कळते आणि तुलाही. बंद घराला वाळवी लागते, बाळा. विकून टाक. आईला वाईट वाटेल का, असा विचार करत बसू नकोस. वाटेल. पण तेव्हा मी नसेन.

वरील मजकूर मी वाचून, साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

सत्यशीला रामहरी गुंजाळ

साक्षीदार:
१. गोरक्षनाथ सूर्यभान कडलग, शेजारी
२. स्नेहल आदिनाथ वाकचौरे, शिक्षिका

संगमनेर, १४ नोव्हेंबर २०२५