मशीन लावलं नाही त्या दिवशी

विंडसर, ओन्टारिओ
९ मार्च २०२५

प्रिय डोरोथीताईंना,
ट्रेसीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. इथे बर्फ अजून गेलेला नाही. प्रायश्चित्तकाळ सुरू झालाय, पण मी यंदा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपायच्या आत निघते. लोक विचारत राहतात. माझी जोआना वॉटर्लूच्या कॉलेजातून येऊन गेली. तिच्या परीक्षा आहेत.

तुमचे फोन येतात, मी घेत नाही, म्हणून तुम्ही रागावलात. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, ताई. डावा कान गेलाय आणि उजव्यात सारखी शिट्टी वाजते. म्हणून लिहायला बसले.

तुमचा व्हॉइस मेसेज जोआनाने ऐकून मला लिहून दाखवला. ‘बंदूक साफ करताना ॲलरॉयच्या हातून चुकून गोळी सुटली, त्यालाही लागलं, संसारात असं होतं, तू केस मागे घे.’ ताई, केस माझी नाहीच. इथे ती सरकार चालवतं. मी मागे घ्यायची म्हटली तरी घेता येत नाही. आणि तुमच्या भावाचा निरोप दुसऱ्या कोणी मला पोचवणंही कोर्टाने बंद केलंय. पुन्हा पाठवलात तर त्याचा जामीन जाईल. हे त्याच्याच भल्यासाठी सांगते.

जोआना शिकायला गेली आणि त्याच सुमारास ॲलरॉयच्या प्लान्टमधली एक शिफ्ट बंद झाली. तो शूटिंग क्लबला जायला लागला. लायसन्स, रायफल, कपाट, सगळं कायदेशीर. मग गोळ्या घरीच भरायचं खूळ आलं. नेम मारून झाला की काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायचा. त्या काळ्या पडलेल्या असतात. त्या साफ करायला टम्बलर नावाचं मशीन असतं. एक मोठा डबा, त्यात अक्रोडाच्या टरफलांचा चुरा. त्यात पुंगळ्या टाकून चालू केलं की डबा थरथरत राहतो आणि तासा-दोन तासांनी त्या सोन्यासारख्या बाहेर पडतात. मग त्यांत दारू भरून, वर नवी गोळी बसवून त्या पुन्हा वापरायच्या.

मशीन खूप खडखडतं. आमचं आणि शेजारच्या अरुणाचं घर एकाच भिंतीचं आहे, नागपूरची ती. एकदा ग्रोसरीत भेटली तेव्हा हसत म्हणाली, “भाऊंचा कारखाना जोरात चालू असतो बाई.”

मीही हसले. काय सांगणार होते?

तो जेवताना शांतपणे चमचा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “जा, खाली मशीन लाव.” मी उठून बेसमेंटमध्ये जायचे, पुंगळ्या टाकायचे, बटण दाबायचे आणि उभी राहायचे. मग तो खाली यायचा. तोंडावर कधीच मारलं नाही. बरगड्या, पाठ, मांड्या. एकदा माझी करंगळी कामाच्या बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात धरून तो दांडा फिरवत राहिला. संपलं की वर जाऊन टीव्ही लावायचा. मी चुरा चाळायचे, पुंगळ्या निवडून डब्यात भरायचे. तेही माझंच काम होतं.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही चर्चमधून आलो. मी जेवण वाढलं आणि सांगितलं की मला वृद्धाश्रमात नोकरी मिळाली आहे, सोमवारपासून जाणार. त्याने विचारलं, “मला न विचारता?” मी म्हटलं, “हो.” त्याने चमचा खाली ठेवला.

मी खाली गेले. बटणावर बोट ठेवलं, आणि दाबलंच नाही. धैर्य वगैरे नव्हतं, ताई. खूप कंटाळा आला होता.

तो जिन्यावरून उतरला. “मशीन का नाही लावलंस?”

“आज ऐकू जाऊ दे,” मी म्हटलं.

त्याने माझे केस धरले आणि डोकं बाकाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. मी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा आवाज मलाच ओळखता आला नाही. त्याने पुन्हा आपटलं, मी पुन्हा ओरडले. मग त्याने कपाट उघडलं, रायफल काढली, स्वतः भरलेली एक गोळी तिच्यात घातली आणि नळी माझ्या तोंडासमोर धरली. “आता ओरड,” म्हणाला. चेहरा अगदी शांत होता त्याचा.

मी नळी हाताने बाजूला ढकलली आणि त्याच क्षणी गोळी सुटली, माझ्या डाव्या कानाजवळून. ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि तिचा एक तुकडा उलटून त्याच्या मांडीत घुसला. तो खाली बसला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचं तोंड उघडझाप करताना दिसत होतं फक्त.

एवढं पोलिसांना सांगितलं आहे. पुढचंही सांगितलं, पण तुम्हाला लिहायला हात धजत नव्हता.

त्याचं नाक, तुम्हाला वाटतं तसं, पडून मोडलेलं नाही. ते मी मोडलं. मशीनचा डबा भरलेला होता, तो दोन्ही हातांनी उचलून मी त्याच्या तोंडावर घातला. रायफल त्याच्या हातातून तेव्हाच सुटली होती. मला जिन्याकडे पळता आलं असतं. मी पळाले नाही. डबा पुन्हा उचलला, पुन्हा मारला. त्याचे दात माझ्या पायाशी पडलेले पाहिले आणि तरी मारला. माझी किंकाळी ऐकून अरुणा बर्फाचं फावडं घेऊन बाजूच्या दाराने आत शिरली होती. तिने मला मागून घट्ट धरलं, तेव्हा थांबले. ती नसती आली तर आज तुम्हाला भाऊ नसता. मला वाईट वाटलं का, असं जोआनाने विचारलं. मी तिला खरं उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते. तेव्हा बरं वाटलं.

त्याच्या वकिलाने तुमच्याकडून लिहून मागितलंय म्हणे, की तो लहानपणापासून शांत स्वभावाचा, घरचं वळण चांगलं.

ताई, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा ॲलरॉय माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता. पप्पा तुमच्या आवयला मारताना वाडीत आवाज जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करायला लावायचे. आणि तो मोठा करायला तुम्हाला पाठवायचे. तो खाटेखाली लपून तुमचे पाय बघायचा. हे त्यानेच सांगितलं. तुम्ही तेव्हा फ्रॉकमधली पोर होतात. तुमचा काय दोष? पण आता तुम्ही साठीच्या आहात आणि वकिलाला काय लिहायचं ते तुमच्या हातात आहे.

माझी साक्ष जूनमध्ये आहे. मी सगळं सांगणार, तो पडल्यावरही मी मारत राहिले तेसुद्धा. त्याबद्दल माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

जोआना म्हणते, “मॉम, यू डोन्ट ओ देम एनीथिंग.” तिला मी म्हटलं, आत्याला एवढं तरी कळायला हवं.

नोकरी लागली आहे. म्हातारी माणसं माझ्या चांगल्या कानाकडे येऊन बोलतात.

तुमच्या भावाची, कागदावर अजून बायको असलेली,
ट्रेसी